उष्टी हळद

निरंजनचं बोट मशीन घेत नव्हतं, तिथून आमची ओळख.

बार्शीत बसस्टँडच्या मागे आमचं सेवा केंद्र आहे. चेहऱ्यावरून ओळख, डोळ्यांवरून ओळख असं सगळं येऊन जुनं झालं, तरी रेशनला आणि पेन्शनला अजून बोटच लागतं. मी तिथली ऑपरेटर. सकाळी माझा अंगठा टेकवला की मशीन उघडतं आणि मग दिवसभर गावाचे अंगठे. म्हाताऱ्यांची बोटं झिजलेली असतात, भांडी घासणाऱ्या बायकांची सोललेली. ओल्या फडक्याला पुसून, जरा दाबून, आडवं-तिडवं फिरवून मी ठसा काढतेच. तेवढी एक कला माझ्या हातात आहे आणि तिचा मला माज आहे.

निरंजन घोडकेपुढे माझं काही चाललं नाही. त्याच्या दहाही बोटांवर रेषाच नव्हत्या. पांढरट, खवल्यासारखे पापुद्रे, मानेपर्यंत तसेच. मशीन लाल दिवा लावून ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणायचं आणि हा शहाणा माणूस खरंच पुन्हा प्रयत्न करायचा. रांग एक पाऊल मागे सरकायची.

“लागत नाही कुणाला,” तो मागे न बघता म्हणायचा. “जन्मापासनं हाय. घरात कुणाला झालं नाही, तुम्हाला काय होतंय?”

एकदा मी विचारलं, “राग येत नाही का हो तुम्हाला?”

“येतो की. पण राग आला की माणसाला घाम येतो. मला घामच येत नाही, मग तो आतच राहतो.”

मग वर्षभर तो दिसला नाही. एके दिवशी दुपारी एका गव्हाळ रंगाच्या माणसाने काउंटरवर हात ठेवला, तेव्हा मी न बघताच म्हटलं, “उजवा अंगठा.” हिरवा दिवा लागला. पडद्यावर नाव आलं आणि मी मान वर केली. तो मशीनकडे बघत होता.

“आला,” तो म्हणाला. “परत लावू?”

त्याने दहाही बोटं लावली. काम एकाच बोटाचं होतं. मागून कुणीतरी ओरडलं, “लग्न लावायलाय का तिथं?” लागलं ते पुढच्या वर्षी.

माझ्या मम्मीने मात्र अट घातली, आधी डॉक्टर, मग बैठक. म्हणून आम्ही सगळे सोलापूरला डॉ. मुजावर मॅडमकडे गेलो. निरंजनवर त्यांनीच उपचार केले होते. निरंजनची आई सोबत होती. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, तेव्हा मीही तसंच म्हणते. निरंजनची मोठी बहीण प्रणिताताई आली होती, पोटुशी. मॅडमनी आम्हाला चहा दिला आणि शाळेत शिकवावं तसं समजावून सांगितलं.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींची भिंत. पेशी या विटा, आणि त्यांच्यामध्ये चरबीचा गिलावा. हा गिलावा अंगातलं पाणी आत ठेवतो आणि बाहेरची घाण बाहेर. तो घट्ट बसायला एक आम्ल लागतंच, लिनोलिक आम्ल. शरीराला ते बनवता येत नाही, ते तेलबियांतून घ्यावं लागतं. करडईत भरपूर, सूर्यफुलात, तिळात बऱ्यापैकी. ऑलिव्हच्या तेलात त्याचा भाऊ ओलिक आम्ल जास्त. दोघांचे रेणू जवळजवळ सारखे, ओलिकला एक बाक, लिनोलिकला दोन. तेवढ्याशा फरकाने एक शिरलं की गिलावा सैल होतो, दुसरं बसलं की घट्ट.

“निरंजनला आम्ल कमी पडत नव्हतं,” मॅडम म्हणाल्या. “ते गिलाव्याला जोडणारं एन्झाइम त्याच्यात जन्मापासून नाही. आईने किती तेल चोळलं असेल, सगळं वरच्या वर गेलं.”

आत्यांनी मान खाली घातली. त्यांनी पंचवीस वर्षं चोळलं होतं.

मॅडमच्या प्रयोगशाळेने मग त्वचेवरच राहणारा एक गरीब जिवाणू घेतला आणि त्याला ते काम शिकवलं. रोज अंगाला करडईचं तेल लावायचं. जिवाणू तेल फोडतो, सुटलेलं लिनोलिक आम्ल थोडं स्वतः खातो आणि उरलेल्याचा तयार गिलावा करून भिंतीत भरतो. कागदावर त्याला लांबलचक नाव होतं. रुग्ण त्याला ‘साय’ म्हणत, कारण काही दिवसांत अंगावर साय धरल्यासारखी मऊ कातडी येते.

मम्मीने सरळ विचारलं, “आणि ही साय माझ्या मुलीला लागली तर?”

“उपाशी मरेल. तिला मोकळं लिनोलिक आम्ल लागतं. तुमच्या-माझ्या त्वचेवर मोकळं फार थोडं असतं, बाकीचं भिंतीत बांधलेलं. बांधलेलं तिला फोडता येत नाही. आम्ही शेकडो लोकांच्या हातांवर सोडून पाहिली, संध्याकाळपर्यंत मेलेली असते. खुशाल संसार करा, मुलं होऊ द्या. एकच पथ्य, त्याचं तेल दुसऱ्या कुणाच्या अंगाला लावायचं नाही.”

“एवढंच ना? आमच्यात टॉवेलसुद्धा वेगवेगळे असतात,” मम्मी म्हणाली, आणि सगळे हसले.

आत्यांनी ते पथ्य देवाचं असावं तसं पाळलं. त्याच्या तेलाच्या डब्याला लाल दोरा बांधला, डबा वेगळ्या फडताळात ठेवला. त्या तेलाची कधी फोडणीही पडली नाही.

आणि मग हळद आली.

आमच्यात हळद आधी नवरदेवाला लागते. त्याच्या अंगाला लावून उरलेली ती उष्टी हळद. ती वाटीत घालून, वर खण झाकून करवली नवरीच्या घरी नेते, आणि तीच नवरीला लावतात. त्याशिवाय नवरी हळदीची होत नाही. नुसती पाण्यातली हळद अंग कोरडं करते आणि निरंजनच्या नव्या कातडीची आत्यांना काळजी. म्हणून त्यांनी हळद तेलात कालवली. दुसरं कुठलं तेल त्याला चालत नव्हतं, म्हणून त्याच्याच. पाच सुवासिनींनी आंब्याच्या पानांनी त्याला माखलं, छातीवरची पाठीवरची ओघळलेली हळद पुन्हा वाटीत निपटून घेतली, आणि प्रणिताताई ती वाटी दोन्ही हातांत धरून आमच्या दारात आली.

छबूमावशीने माझ्या दंडाला पहिला हात लावला. “ओलीचिंब हाय की गं. घोडक्यांचा हात सढळ दिसतोय.” मग तिनेही हात आखडता घेतला नाही. मान, पाठ, पोटऱ्या, सगळीकडे. “आंघोळ सकाळी कर. रात्रभर मुरू दे.”

पथ्य कुणीच मोडलं नाही. दोरा बांधलेला डबा हळद कालवून झाल्यावर पुन्हा फडताळात गेला होता. आत्यांना, ताईला, मला, कुणालाही वाटलं नाही की त्याचं तेल माझ्या अंगाला लागतंय. ती हळद होती.

लग्नात मी अशी काही दिसत होते की फोटोवाला म्हणाला, ताई, काही करावंच लागणार नाही. मम्मीच्या मैत्रिणी साबण कुठला म्हणून विचारत होत्या. पुढचे काही महिने मी सुखात होते आणि ते सांगायला मला लाज नाही. निरंजनला स्पर्शाचा हावरेपणा होता. भिंत, स्टीलचा पेला, मांजर, जे दिसेल त्याला हात लावून बघायचा. मला नवा घाम येतो म्हणून कौतुकाने कपाळ दाखवायचा. झोपताना माझ्या हाताच्या पाठीवर अंगठा दाबायचा आणि म्हणायचा, “भागू, नोंद झाली.” माझं नाव भार्गवी. भागू म्हटलेलं मला चालत नाही, त्याचं चालायचं.

दिवाळीच्या आधी माझ्या पोटऱ्या ओढल्यासारख्या व्हायला लागल्या. अभ्यंगाच्या दिवशी तिळाचं तेल लावलं आणि आठवडाभर बरं वाटलं. मग कोपरं फुटली, मग गुडघे. कितीही पाणी प्यायलं तरी तहान जाईना. अंगावरून पापुद्रे निघत. आणि एके सकाळी केंद्र उघडताना मी अंगठा टेकवला तर लाल दिवा लागला. ओल्या फडक्याला पुसला, दाबला, आडवा-तिडवा फिरवला. माझी सगळी कला मी माझ्याच बोटावर करून पाहिली.

मुजावर मॅडमनी माझ्या दंडाचा नमुना तपासला. मग त्यांनी विचारलं, “लग्नात हळद कशात कालवली होती?”

मला हसू आलं. मी म्हटलं, “हळदीचं काय?”

पण आत्या सोबत होत्या. त्या म्हणाल्या, “त्याच्याच तेलात. त्याला दुसरं चालत नाही ना.” आणि म्हणता म्हणता त्यांना कळलं. त्या दिवसापासून त्यांनी देवापुढे हळदीकुंकवाची कोयरी उघडलेली मी पाहिली नाही.

मॅडमनी सांगितलं ते असं. साय माझ्या अंगावर आली ती शिदोरी बांधून आली. रात्रभर भरपूर खायला मिळालं, ती कोट्यवधींनी वाढली. सकाळी आंघोळ झाली, खाणं संपलं आणि बहुतेक मेली. पण एवढ्या कोट्यवधींत एखादी वेगळी निघतेच. तिला बांधलेलं आम्ल फोडता आलं. माझ्या भिंतीतला गिलावा उकलून ती त्यातलं लिनोलिक आम्ल खायला लागली. निरंजनच्या भिंतीत त्याचं स्वतःचं बांधलेलं कधी नव्हतंच आणि मोकळं रोज तेलातून मिळायचं, म्हणून त्याच्या अंगावर असलं काही शिकण्याची तिला गरज पडली नाही. त्याच्याकडे जे नव्हतं आणि माझ्याकडे होतं, नेमकं तेच तिचं अन्न झालं.

“आम्ही तपासलं ते कोरड्या हातांवर,” मॅडम म्हणाल्या. “तेलासकट तपासायला हवं होतं. मला सुचलं नाही. माझ्या स्वतःच्या भावाला हळद लागली आहे, भार्गवी, आणि मला सुचलं नाही.”

सायीला मारायची औषधं होती. पण आता निरंजनच्या अंगावरही हीच नवी जात पसरली होती. मला बरं केलं तरी त्याच्या एका मिठीत ती परत आली असती. आधी त्याच्या अंगावरची काढावी लागणार होती.

“काढा,” निरंजन म्हणाला. लगेच म्हणाला, पाणी मागावं तसं.

परतीच्या गाडीत मी त्याच्याशी भांडले. मी म्हटलं, थांबू या, रोज तेल लावत जाईन, तिला तेल मिळालं तर ती मला खाणार नाही. तो म्हणाला, “आन तेल मिळालं की ती वाढंल. मग रोज दोनदा लागंल, मग चारदा. मॅडमनी तेच सांगितलं की.”

“मग तू? परत तसाच होशील.”

“मला सवय हाय,” तो म्हणाला. “तुला नाही.”

त्याच्या अंगावरची साय सहज गेली. तेल बंद केलं, औषधाने धुतलं, तिच्याकडे खायला दुसरं काही नव्हतंच. महिन्याभरात त्याची कातडी जुन्यासारखी झाली. घाम थांबला. कुणाच्या दुकानात गेला की दारातूनच सामान मागायला लागला. मी त्याला मांजराला हात लावताना पाहिलं आणि मांजर अंग चोरून निघून गेलं, कारण त्याचे हात आता खरखरीत होते.

माझ्या अंगावरची गेली नाही. ती केसांच्या मुळांत, औषध पोचत नाही तिथे बसली होती, आणि तिच्या जेवणाची सोय माझ्या अंगातच होती. तीनदा धुतलं, तीनदा परत आली. त्याहून कडक औषध म्हणजे उरलेली कातडीही गेली असती. मॅडमनी शेवटी मला ‘आता नको’ म्हणून सांगितलं आणि माझ्याआधी त्याच रडल्या. मला त्यांचा राग आला. रडायचा पहिला हक्क माझा होता.

पाठोपाठ सरकारी आदेश आला. साय एकदा जे शिकली ते कुठेही शिकेल, म्हणून परवानगी रद्द, प्रयोगशाळेतला साठा नष्ट, देशभरातल्या रुग्णांच्या अंगावरची काढून टाका. जळगावहून एका माणसाने माझा नंबर शोधून फोन केला. त्याची मुलगी नुकतीच शाळेत पहिल्यांदा पुढच्या बाकावर बसायला लागली होती. तो ओरडला नाही. त्याने एवढंच विचारलं, “तुम्ही ती हळद का लावून घेतली?” मी म्हटलं, “माझं लग्न होतं.” त्याने फोन ठेवला.

आता मी मम्मीकडे मागच्या खोलीत राहते. घोडक्यांच्या घरी प्रणिताताईचं तान्हं बाळ आहे, त्याला रोज तेलाची मालीश होते आणि तेलकट अंगावर साय पटकन धरते, त्यामुळे तिथे मी नको. केंद्रावर दुसरी मुलगी बसते, तिला म्हाताऱ्यांचे ठसे काढता येत नाहीत असं ऐकते. माझं अंग आगीसारखं झालं की मी करडईचं तेल लावते, साय शांत होते. मग ती वाढते आणि पुढच्या वेळी जास्त मागते. सोसवेल तितके दिवस मी तिला उपाशी ठेवते. सोसत नाही तेव्हा खाऊ घालते.

ही गोष्ट माझ्या डोक्यात आली ती असंच तेल लावताना. साय कुठेच उरली नव्हती, फक्त माझ्या अंगावर होती. माझं अंग खाणारी ही जात बाकी सगळं कामही करत होती. निरंजनच्या कातडीवर तेलासकट गेली असती तर तिने त्याला पहिल्यासारखं केलं असतं. त्याच्याकडे तिला चोरायला काही नव्हतं.

तो आला तेव्हा दारातच उभा राहिला, नेहमीसारखा. मी त्याला सांगितलं.

“आत ये. तेल लावून तासभर हात धरू. तुझी साय तुला परत मिळेल. पुन्हा काढायला कुणी आलं तर बघू.”

त्याला कळायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा असा झाला की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला.

“तुला खाऊन वाढलीय ती.”

“खातेच आहे. तू घेतलीस म्हणून जास्त खाणार नाही आणि नाही घेतलीस म्हणून थांबणार नाही. निदान वाया तरी जायला नको. आणि तुझ्या अंगावर साय असली ना, निरंजन, तर आपल्या दोघांना एकमेकांना हात लावायची चोरी राहणार नाही. दोघांकडे एकच आहे मग.”

हे शेवटचं मी फार हळू बोलले, कारण खरं कारण तेच होतं. मला त्याचा हात हवा होता.

तो चौकटीला टेकून उभा होता. चौकटीवर त्याच्या खांद्याचे पापुद्रे पडले होते.

“भागू,” तो म्हणाला, “माझी कातडी चांगली झाली ना, की रोज आरशात मला तुझी दिसंल. माझ्याच्यानं होणार नाही.”

“मला चालतंय.”

“मला नाही चालत.”

तो गेला. त्यानंतर फोन करतो, जेवलीस का विचारतो, पण येत नाही. मी पुन्हा विचारेन ही त्याला भीती आहे. मी विचारणारच होते.

मग मी पुन्हा हट्ट केला, माझ्या पद्धतीने. मम्मीकडून हळद मागून घेतली, करडईच्या तेलात कालवली आणि स्वतःला लावली. मान, दंड, पोटऱ्या. भेगांत झोंबली. उरलेली अंगावरची निपटून ताईने लग्नात आणलेल्या वाटीत घेतली, वर खण झाकला आणि प्रणिताताईला बोलावलं. ताईने वाटी पाहिली. तिचे डोळे भरले. हातमोजे घालून तिने वाटी दोन्ही हातांत धरली, लग्नात धरली होती तशी, आणि उलट्या वाटेने घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाटी घेऊन परत आली. खण वरच होता.

“त्याला मी म्हटलं, तिच्याकडची हाय, उष्टी,” ताई सांगायला लागली. “त्यानं बोट घातलं वाटीत. लई वेळ तसंच धरून बसला. मला वाटलं लावतोय आता. मी देवाला हात जोडले, भार्गवी. मग उठला आन मोरीत जाऊन साबणानं धुतलं. धुताना मोठ्यानं रडत होता. मला म्हणाला, ही परत नेऊन दे, आन परत आणू नको.”

ताई गेल्यावर मी खण काढला. घट्ट कालवलेली हळद होती तशीच होती, मध्ये एका बोटाचा खोल खड्डा. मी वाटी खिडकीपाशी नेली. आयुष्यभर बोटं बघत आले, त्यामुळे सवयीने रेषा शोधल्या. काही नव्हतं. शेजारी मी माझं बोट दाबून पाहिलं. दोन्ही खड्डे सारखेच गुळगुळीत.

मग वाटी घासायला घेतली. साबण जास्त घातला, गरम पाण्याने दोनदा धुतली, कारण ताईच्या घरी तान्हं मूल आहे आणि वाटी तिची आहे.